दुखणं वर पोचतं कसं, आणि मॉर्फिन त्याला कुठे अडवतं

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झालाय, बाहेर बटाटेवडे तयार आहेत, आणि नाटकाचा पडदा उघडायच्या आधी तुम्हाला आमचं भाषण ऐकायचं आहे. तेही दुखण्यावर! तेव्हा आभार आधीच मानून टाकतो. (पुस्तिकेसाठी लिहून काढताना आम्ही ते थोडं नीटनेटकं केलं आहे. माइकची खरखर वगळली आहे.)

आम्ही म्हणजे मंडळाच्या निधी समितीतले पाच जण. चौघे सॉफ्टवेअरमधले, एक मेकॅनिकलवाला. डॉक्टर एकही नाही. म्हणून बोलायला उभं राहण्याआधी मंडळातल्या दोन डॉक्टर सभासदांना हा मजकूर दाखवला. त्यांनी त्यावर भरपूर लाल पेन चालवलं, आणि त्यानंतर जे उरलं ते तुमच्यासमोर ठेवतो आहोत.

यंदाचा निधी महाराष्ट्रातल्या एका पॅलिएटिव्ह केअर केंद्राच्या घरभेटींसाठी आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. आजार बरा होण्यातला राहिलेला नाही, बहुतेकदा कॅन्सर, अशा माणसाच्या घरी जाऊन त्याचं दुखणं आटोक्यात ठेवायचं, असं हे काम. त्यातलं एक मुख्य औषध म्हणजे मॉर्फिन. ही घोषणा केली आणि आठवड्याभरात आम्हाला चार-पाच फोन आले. सगळ्यांचा सूर साधारण एकच होता. "अरे, इकडे अमेरिकेत ह्याच औषधांनी घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. रोज बातम्या बघतोय आपण. आणि तेच तिकडे पोचवायला पैसे गोळा करताय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. २०२२ साली अमेरिकेत मादक पदार्थांच्या अतिमात्रेने सुमारे १,०८,००० माणसं गेली, आणि त्यातल्या बहुसंख्य मृत्यूंत ओपिऑइडचा हात होता. हा आकडा माहीत असून आम्ही मदत मागतो आहोत, तर त्याचं कारण सांगायला हवं. "तिकडचं वेगळं, इकडचं वेगळं" एवढ्यावर भागणार नाही, कारण रेणू तोच आहे आणि माणसाची चेतापेशीही तीच. म्हणून हा रेणू शरीरात शिरल्यावर नक्की काय करतो, तिथपासून सुरुवात करू.

आधी दुखणं घ्या. अंधारात पलंगाच्या पायाला अंगठा आपटतो. पहिल्यांदा एक लख्ख, टोचल्यासारखी कळ येते. तोंडातून "आई गं" निघतं. मग अगदी क्षणभर शांतता, आणि त्यानंतर ती दुसरी, जळजळीत, पसरत जाणारी, पाय धरून खाली बसवणारी वेदना. हा अनुभव सगळ्यांचा आहे, पण ह्या दोन वेदना दोन वेगळ्या तारांतून येतात हे आम्हाला यंदाच कळलं. पहिली येते ती ए-डेल्टा नावाच्या तंतूंतून. त्यांच्यावर चरबीचं पातळ आवरण असतं आणि त्यांचा वेग सेकंदाला पाच ते तीस मीटर असतो. दुसरी येते सी तंतूंतून. हे बारीक आणि उघडे, वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत मीटरभर अंतर धरलं तर दुसरी बातमी सेकंदभर उशिरा का पोचते याचा हिशेब आपसूक जुळतो.

ही तार म्हणजे एकाच पेशीचा धागा आहे. पेशीचं मुख्य अंग पाठीच्या मणक्यांशेजारी एका बारीक गाठीत बसलेलं असतं. तिथून निघालेल्या धाग्याला दोन फाटे फुटतात. एक जातो थेट अंगठ्याच्या कातडीपर्यंत आणि दुसरा मज्जारज्जूच्या आत शिरतो. एक पेशी आणि मीटरभर लांबी. आम्ही केबल टाकणाऱ्या लोकांत वावरतो, तरी हे ऐकून थक्क झालो.

कातडीकडच्या टोकावर प्रथिनांची बारीक दारं असतात. त्यातलं एक दार साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतं. इकडच्या हिशेबात १०९ फॅरनहाइट. गंमत म्हणजे हेच दार मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं. म्हणून ठेचा खाल्ल्यावर तोंड "भाजतं". भाजलेलं काहीच नसतं, पण मेंदूला बातमी तीच जाते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे दार शोधलं आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. मिरचीवरून नोबेल! आमच्या आज्यांना हे सांगायला हवं होतं.

दार उघडलं की बाहेरचे विद्युतभारित कण आत घुसतात, सोडियमची आणखी दारं उघडतात, आणि एक विजेचा ठोका धाग्यातून पळत सुटतो. तो मज्जारज्जूत पोचला की तार संपते. पुढची पेशी वेगळी, मध्ये एक सूक्ष्म फट. वीज ती फट ओलांडू शकत नाही. म्हणून तिथे निरोपाचं रूप बदलतं. ठोका टोकाला पोचला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत येतं. त्याच्या इशाऱ्यावर टोकातल्या बारीक पिशव्या फुटून ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी नावाची रसायनं फटीत सांडतात. पलीकडची पेशी ती टिपते, स्वतः ठोका देते, आणि बातमी बाजू बदलून मेंदूकडे निघते.

ही फट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट इथे घडते.

आता मॉर्फिन. १८०५ च्या सुमारास जर्मनीतल्या पाडरबोर्न गावी सेर्ट्युर्नर नावाच्या औषधविक्रेत्याच्या तरुण मदतनिसाने अफूच्या चिकातून हा पदार्थ वेगळा काढला आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेचं नाव त्याला दिलं. पण तो शरीरात कुठे चिकटतो हे कळायला १९७३ साल उजाडलं. त्या एकाच वर्षी बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि स्वीडनमधलं उप्साला इथल्या तीन गटांनी दाखवून दिलं की चेतापेशींवर अफूच्या रेणूसाठी जणू मापाने घेतलेली जागा आहे. तिला रिसेप्टर म्हणतात. मग पुढचा प्रश्न साहजिकच होता. माणसाच्या मज्जारज्जूत खसखशीच्या झाडासाठी कुलूप कोणी आणि कशाला बसवून ठेवलं? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून आलं. ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून दोन छोटे रेणू काढले, एन्केफॅलिन. म्हणजे कुलूप शरीराच्या स्वतःच्या किल्लीसाठी होतं. झाडाची किल्ली योगायोगाने त्यात बसते.

मॉर्फिन ज्याला चिकटतो त्या रिसेप्टरचं नाव म्यू. हे प्रथिन पेशीच्या पडद्यातून सात वेळा आत-बाहेर ओवलेलं असतं. बाहेरच्या खाचेत मॉर्फिन बसलं की आतलं टोक किंचित हलतं, आणि आत त्याला टेकून बसलेलं जी-प्रोटीन नावाचं यंत्र दोन तुकड्यांत सुटं होतं. त्यातला एक तुकडा पडद्याखालून सरकत जाऊन त्या कॅल्शियमच्या दाराला धरतो. दार नीट उघडत नाही. ठोका नेहमीसारखा टोकापर्यंत येतो, पण कॅल्शियम कमी येतं, पिशव्या कमी फुटतात, फटीत रसायन कमी सांडतं. अंगठ्याकडची तार शाबूत आहे, जखम आहे तिथेच आहे. फक्त निरोप पुढच्या हातात पडताना निम्मा-शिम्मा गळतो.

फटीच्या पलीकडच्या पेशीवरही हेच रिसेप्टर असतात, पण तिथे काम वेगळं होतं. तिथे पोटॅशियमची दारं उघडतात. पोटॅशियम बाहेर निघून जातं, पेशीच्या आतला ऋणभार वाढतो आणि तिला ठोका द्यायला नेहमीपेक्षा जास्त धक्का लागतो. म्हणजे अलीकडे सांगणारा हळू बोलतो आणि पलीकडे ऐकणारा कान झाकून बसतो. याशिवाय मेंदूच्या बुंध्यात एक केंद्र आहे. तिथे मॉर्फिन पोचलं की वरून खाली येणाऱ्या मज्जामार्गांतून मज्जारज्जूलाच आदेश जातो की आवाज कमी करा. रणांगणावर माणसाला जखम कळत नाही आणि सगळं थांबल्यावर कळते, त्यात ह्याच वरून येणाऱ्या मार्गांचा हात असतो.

ह्या सगळ्याचा व्यवहारात अर्थ काय? दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतो तेव्हा गाल बधिर होतो. चहा ओठांवरून ओघळला तरी पत्ता लागत नाही. कारण ते औषध सोडियमची दारं बंद करतं आणि तारेतला ठोकाच थांबतो, मग ती तार स्पर्शाची असो की वेदनेची. मॉर्फिनचं तसं नाही. साध्या स्पर्शाच्या जाड तारांवर त्याचे रिसेप्टर फारसे नसतात. म्हणून मात्रा बरोबर असेल तर रुग्णाला नातवाचा हात हातात घेतलेला कळतो, पाय हलवता येतो, गप्पा मारता येतात. बरेच रुग्ण डॉक्टरांना सांगतात की दुखणं आहे तिथे आहे, पण आता त्याचा त्रास होत नाही. हे वाक्य ऐकायला विचित्र वाटतं. पण दुखण्याची बातमी आणि दुखण्याचं ओझं ह्या मेंदूत दोन वेगळ्या जागी नोंदल्या जाणाऱ्या गोष्टी आहेत, आणि ओझ्याच्या जागीही म्यू रिसेप्टर भरपूर आहेत, असं आमच्या डॉक्टर सभासदांनी समजावलं.

कॅल्शियमच्या ह्या दाराचा एक पुरावा समुद्रातून मिळाला आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॅसिफिकमध्ये शंकूच्या आकाराची एक विषारी गोगलगाय असते. मासा दिसला की ती विषाचा भाला मारते. तिच्या विषातला एक घटक नेमकं हेच दार बंद करतो. रिसेप्टर नाही, जी-प्रोटीन नाही, थेट दारालाच खीळ. त्यावरून बनवलेलं झिकोनोटाइड हे औषध अमेरिकेत २००४ साली मान्य झालं आणि वेदना थांबवतं. पण ते पंपाने मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात ते कोण करणार? तिथे मॉर्फिनची तोंडाने घ्यायची गोळीच उपयोगी.

आणखी एक गोष्ट. सूज आलेल्या जागी ह्या पेशी म्यू रिसेप्टर जास्त संख्येने बनवून कातडीकडच्या टोकालाही पाठवतात. १९९१ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अगदी थोडं मॉर्फिन सांध्यातच सोडून दाखवलं की वेदना तिथल्या तिथेही कमी होते. उलट मज्जातंतूच गाठीखाली चिरडला गेला असेल तर मॉर्फिन एकटं पुरत नाही, जोडीला दुसरी औषधं लागतात. म्हणजे "दुखतंय, द्या गोळी" इतकं हे सोपं नाही. कुठलं दुखणं आहे हे ओळखणारं माणूस लागतं. आमच्या निधीचा मोठा भाग ह्या माणसांवरच खर्च होणार आहे, त्यावर नंतर येतो.

आता धोक्याची बाजू. म्यू रिसेप्टर फक्त वेदनेच्या वाटेवर असते तर आज ही चर्चाच नसती. ते आतड्यांच्या भिंतीतल्या चेतापेशींवरही आहेत. म्हणून मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, जवळजवळ प्रत्येकाला होतो. भारतवारीत पोट बिघडलं की आपण जी इमोडियमची गोळी घेतो ना, ती लोपेरामाइड, तीही एक ओपिऑइडच आहे! मेंदूच्या दारावरचे पंप तिला नेहमीच्या मात्रेत आत येऊ देत नाहीत, म्हणून ती आतड्यापुरतंच काम करते. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी ओपिऑइड घेतलेलं आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आणि ते मेंदूच्या बुंध्यात, श्वासाची लय चालवणाऱ्या पेशींवरही आहेत. तिथेही तेच होतं. पेशी शांत होतात. मात्रा फार झाली तर श्वास मंदावतो आणि थांबतो. रस्त्यावरच्या फेंटानिलने माणसं मरतात ती अशी. फेंटानिल मॉर्फिनपेक्षा पन्नास ते शंभर पट तीव्र, चरबीत विरघळणारं, म्हणून काही क्षणांत मेंदूत पोचणारं. आणि विकणाऱ्याने किती मिसळलं आहे हे घेणाऱ्याला माहीत नसतं. नॅलॉक्सोन हा त्यावरचा उतारा त्याच खाचेत घट्ट बसतो, पण यंत्र चालू करत नाही. म्हणून मॉर्फिनला किंवा फेंटानिलला तो बाहेर ढकलू शकतो आणि श्वास परत सुरू होऊ शकतो. २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतो. कॉलेजला जाणारी मुलं असलेल्या सभासदांनी तो घरात ठेवावा, असं आमच्या डॉक्टरांनी मुद्दाम सांगायला सांगितलं आहे.

राहिला व्यसनाचा प्रश्न. इथे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. रिसेप्टरला औषध वारंवार चिकटलं की पेशी काही रिसेप्टर आत ओढून घेते, आतली यंत्रणाही उलट दिशेने जोर लावून बसते. त्यामुळे मात्रा वाढवावी लागू शकते, आणि औषध एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, अंगदुखी, तगमग होते. ही शरीराची सवय. ती हळूहळू मात्रा उतरवून सोडवता येते. व्यसन म्हणजे दुखणं नसताना, नुकसान दिसत असतानाही त्यामागे धावणं. पहिली जवळजवळ सगळ्यांना होते, दुसरं काही जणांना. किती जणांना, हे औषध कोणाला, कशासाठी, किती काळ आणि कोणाच्या नजरेखाली दिलं यावर अवलंबून असतं.

इकडे नेमका हाच प्रश्न गुंडाळून ठेवला गेला. १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. इस्पितळात दाखल असताना अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची नोंद असलेली फक्त चार उदाहरणं सापडली, एवढंच त्यात होतं. इस्पितळातले रुग्ण, देखरेखीखालचे. पण पुढे ते पत्र शेकडो ठिकाणी "व्यसन लागत नाही" याचा पुरावा म्हणून वापरलं गेलं. १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं आणि पाठदुखीपासून गुडघेदुखीपर्यंत महिनोन्महिने घरी घ्यायला ते लिहून दिलं जाऊ लागलं. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये पुन्हा. आम्हाला यात रेणूपेक्षा विक्री खात्याचा दोष जास्त दिसतो. तुमचं मत वेगळं असू शकेल.

भारतात ह्याच्या बरोबर उलटं झालं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. अफूचा चीक कायदेशीररीत्या काढणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपण आहोत. दिवाळीत अनारशावर जी खसखस लावतो ती ह्याच झाडाची. (दुबईतल्या नातेवाइकांना मात्र चुकूनही पाठवू नका, तिथे खसखशीवरही बंदी आहे.) पण १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. बऱ्याच गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची कैद, मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा यायचा नाही. औषधाच्या दुकानांनी आणि इस्पितळांनी ठेवणंच सोडून दिलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. त्या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीने मॉर्फिन फारसं हाताळलंच नाही. २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि परवान्यांची भानगड बरीच सोपी झाली. पण डॉक्टरांच्या हातातली सवय आणि मनातली भीती कायद्याने बदलत नाही.

'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये हिशेब मांडला. कोणत्या देशात वेदनेसाठी जितकं औषध लागायला हवं त्याच्या किती प्रमाणात ते पोचतं? अमेरिकेत गरजेच्या तीसपटीहून जास्त. भारतात गरजेच्या चार टक्के. हे दोन्ही देश आपलेच आहेत, मंडळी. एकात आपली मुलं वाढताहेत, दुसऱ्यात आपले आईवडील म्हातारे होताहेत.

चार टक्क्यांतही काम उभं राहू शकतं हे लोकांनी दाखवलं आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. केरळात कालिकतच्या मेडिकल कॉलेजात १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी छोट्या बाह्यरुग्ण विभागापासून सुरुवात केली, आणि पुढे गावोगावचे शेजारीपाजारी प्रशिक्षण घेऊन रुग्णांच्या घरी जाऊ लागले. मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे, काही रुपयांची. महाग आहे ती तिच्यासोबत जाणारी नर्स.

तर पैसे कुठे जाणार ते सांगतो. नर्सचा पगार, गाडीचं पेट्रोल, तालुक्याच्या डॉक्टरांचं प्रशिक्षण, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन. नर्स घरी जाते, दुखणं किती आहे ते विचारते, किती गोळ्या उरल्या ते मोजते, वहीत लिहिते, झोपेची गुंगी जास्त वाटली किंवा श्वास मंद वाटला तर डॉक्टरांशी बोलून मात्रा कमी करते. थोड्यापासून सुरू करून दुखण्याच्या मापाने मात्रा चढवत नेली तर श्वासाची केंद्रंही सरावतात. इकडे जे केलं गेलं नाही, तेच हे. नवीन औषधंही येताहेत. फक्त वेदनेच्या तारांतलं एक सोडियमचं दार बंद करणारी, ओपिऑइड नसलेली एक गोळी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, पण ती ऑपरेशननंतरच्यासारख्या तात्पुरत्या दुखण्यासाठी. कॅन्सरच्या रुग्णाला आज रात्री झोप लागायची असेल तर मॉर्फिनच हवं.

शेवटचा मुद्दा पैशाचा नाही. आमच्या डॉक्टर सभासद ताईंनी सांगितलं की त्यांना मंडळातल्या लोकांचे वर्षातून अनेक फोन येतात. "तिकडचे डॉक्टर बाबांना मॉर्फिन सुरू करतो म्हणताहेत. म्हणजे आता संपलंच ना? आणि सवय लागली तर?" घरात तिकडे भाऊ-वहिनी रात्र-रात्र जागलेले असतात, बाबा कण्हत असतात, आणि निर्णय अडतो तो अमेरिकेतून आलेल्या "नको" ह्या शब्दापाशी. ताई त्यांना सांगतात की बरोबर मात्रेतल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. दुखणं कमी झालं की तो दोन घास खातो, झोपतो, बोलतो. जितके दिवस आहेत तितके दिवस.

तेव्हा असा फोन आपल्या घरी आला तर तिकडे विचारायचे प्रश्न ताईंनी लिहून दिले आहेत, ते या पुस्तिकेत छापतो आहोत. कापून फ्रिजवर लावा. गोळी किती मिलिग्रॅमची आणि दर चार तासांनी आहे का, की बारा तास पुरणारी? पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत दिलंय का? मध्येच कळ आली तर जादा मात्रा किती घ्यायची, आणि ती दिवसातून किती वेळा लागली हे कोण लिहून ठेवतंय? किडनीचा काही त्रास आहे हे डॉक्टरांना सांगितलंय का? झोपेतून हाक मारून उठत नसतील तर कोणाला फोन करायचा? गोळ्या कुलपात आहेत का, आणि किल्ली कोणाकडे?

देणगीचे फॉर्म दारापाशी टेबलावर आहेत. ताई मध्यंतरात तिथेच बसणार आहेत. वडे गरम आहेत तोवर आम्ही थांबतो.